मी आय आहे की ई?

या महिन्यात स्वभावाच्या टेस्टबद्दलची बरीच पत्रं आली. अप्रेझल संपली की एचआरवाल्यांना टीम बिल्डिंग आठवतं, त्यामुळे असेल. मी स्वतः १८ वर्षं एचआरमध्ये काढलीयेत, लोकांना असल्या टेस्ट द्यायला लावणाऱ्यांत मीपण होते, ते आधीच सांगून टाकते म्हणजे नंतर कोणी उकरून काढायला नको. तीन पत्रं घेतेय. पहिल्याला जागा जास्त जाणारे.

प्रश्न : ताई नमस्कार. मी हिंजवडीत एका कंपनीत बिझनेस अ‍ॅनालिस्ट आहे, सात वर्षं झाली. गेल्या महिन्यात टीमचं आउटिंग होतं मुळशीकडे एका रिसॉर्टवर, तिथे नाश्ता झाल्यावर एचआरने सगळ्यांना एक लिंक पाठवली आणि एमबीटीआयसारखी, म्हणजे स्वभावाला चार इंग्रजी अक्षरं देणारी टेस्ट मोबाईलवर करायला लावली. माझं आलं आयएसएफजे. मग आय वाले (इंट्रोव्हर्ट, मितभाषी) एका बाजूला आणि ई वाले (एक्स्ट्रोव्हर्ट, बोलके) दुसऱ्या बाजूला असं उभं केलं, आम्ही चौघं एसीखाली आणि समोर तेरा जण, सगळे हसले, मीपण हसले. घरी येऊन रात्री रिपोर्ट नीट वाचला आणि खरं सांगते डोळ्यात पाणी आलं. त्यात होतं की तुम्ही दुसऱ्यांसाठी खूप करता पण बोलून दाखवत नाही आणि त्यामुळे तुमचं काम लोकांच्या नजरेत येत नाही. आईनेसुद्धा मला इतकं ओळखलं नसेल असं वाटलं. पण पंधरा दिवसांनी एक नवीन क्लायंट आला, त्याचं काम मला मिळेल असं सगळेच धरून चालले होते, तर मॅनेजर म्हणाला अगं तू आय आहेस ना, रोज कॉलवर बोलायचा तुला त्रास होईल, तू डॉक्युमेंटेशन बघ. आणि माझ्याहून दोन वर्षं ज्युनियर मुलाला दिलं. मॅनेजर वाईट नाहीये हो, तो काळजीनेच बोलला. मी काहीच बोलले नाही. मग परवा सांगलीहून मावसबहिणीचं लग्न आटपून आले आणि त्याच रात्री तीच टेस्ट परत दिली तर ईएसएफजे! म्हणजे खरी मी कोण? आणि आता मॅनेजरला काय सांगू, की माझं अक्षर बदललंय?
– आय की ई, हिंजवडी

उत्तर : अक्षर बदललंय असं जाऊन सांगू नकोस, प्लीज. त्याचा अर्थ असा होईल की त्याचं लॉजिक बरोबर होतं, फक्त डेटा जुना होता.

आधी त्या रात्रीच्या रडण्याचं बोलू. १९४८ मध्ये अमेरिकेत बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्राच्या शिक्षकाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची स्वभावाची टेस्ट घेतली आणि काही दिवसांनी प्रत्येकाच्या हातात ‘तुझा’ म्हणून रिपोर्ट ठेवला, म्हणाला किती जुळतोय याला ५ पैकी मार्क द्या. सरासरी आली ४.२६. नंतर कळलं की सगळ्यांना एकच कागद दिला होता, शब्दन् शब्द तोच, आणि त्यातली वाक्यं त्याने बाजारात मिळणाऱ्या भविष्याच्या पुस्तकातून उचलली होती. बाहेरून शिस्तीत दिसता पण आतून काळजी करत असता, या टाइपची. आता तुझं वाक्य घे आणि तुझ्या मजल्यावरच्या कुठल्याही माणसाला वाचून दाखव, दुसऱ्यांसाठी करता पण बोलून दाखवत नाही. एकजण तरी म्हणेल का की छे, माझं तसं नाही, मी करत काही नाही आणि बोलून मात्र सगळं दाखवतो? तुझा मॅनेजरपण म्हणेल अगदी माझंच लिहिलंय.

तरी पाणी आलं ते खरंच आहे, ते मी खोटं म्हणत नाहीये. सात वर्षं तू जे करतेस ते कोणीतरी पहिल्यांदा लिहून तुझ्यासमोर ठेवलं, भले ते सॉफ्टवेअरने ठेवलं. हे लक्षात ठेव, खाली परत त्याच्यावर येणारे.

आता खरी कोण. या टेस्टचं मूळ सांगते थोडक्यात. कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इसाबेल मायर्स या दोघींनी ती बनवली, दोघींपैकी कोणीही मानसशास्त्र शिकलेलं नव्हतं, इसाबेलने तर त्याआधी रहस्यकथा लिहून बक्षीस मिळवलं होतं. आईने कार्ल युंगचं १९२१ चं पुस्तक वाचलं आणि भारावून गेली, मग दुसऱ्या महायुद्धात बायका पहिल्यांदाच मोठ्या संख्येने कामाला बाहेर पडायला लागल्या तेव्हा कोणाला कुठलं काम मानवेल हे ओळखायला म्हणून मुलीने प्रश्न लिहायला घेतले. हेतू चांगलाच होता. घोळ अक्षरांत आहे. बोलका आणि मितभाषी हे काही दोन डबे नाहीयेत, ती एक पट्टी आहे आणि बहुतेक लोक त्या पट्टीच्या मध्यावर कुठेतरी असतात. टेस्ट मध्यावर रेघ मारते. आपल्याकडे ३५ ला पास आणि ३४ ला नापास असतं ना, अगदी तसंच, एका मार्कात माणूस बदलतो. त्यामुळे थोड्या आठवड्यांनी परत टेस्ट दिली की निम्म्यापर्यंत लोकांचं एखादं तरी अक्षर बदलतं असं अभ्यासकांनी फार पूर्वीच दाखवलंय. रिपोर्ट उघडून आय समोरचा टक्का बघ, माझी पैज आहे की तो पन्नाशीच्या आसपासच असेल.

आणि दुसरी गोष्ट, प्रश्न आठवून बघ. अशा टेस्टमध्ये हमखास असतो तो, पार्टीत अनोळखी लोकांशी तुम्ही स्वतःहून बोलता का. मुळशीला आजूबाजूला ऑफिसची माणसं होती, तुझ्या डोळ्यासमोर ऑफिसची पार्टी आली असणार, जिथे तू प्लेट घेऊन भिंतीला टेकून उभी असतेस. सांगलीहून आलीस तेव्हा लग्न डोक्यात होतं. तिथे तू वऱ्हाडातल्या किती अनोळखी बायकांना चहा झाला का विचारलंस, नवऱ्याकडच्या आत्याबाईंचा मानपान कोणी सांभाळला, रुखवताच्या टेबलाजवळ कोण उभं होतं सगळ्यांना माहिती देत? दोन्ही उत्तरं तू खरीच दिलीस. प्रश्नात कुठली पार्टी ते लिहिलेलंच नव्हतं.

माझं पण असं झालंय बरं का. एकदा ऑडिटच्या आठवड्यात टेस्ट दिली तर शेवटचं अक्षर ‘जे’ (J) आलं, म्हणजे शिस्तीने आखून काम करणारी, आणि पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर दिली तर ‘पी’ (P), येईल तसं बघू वाली. घरच्यांनी मला दोन्ही रूपांत बघितलंय, त्यांना काही नवल वाटलं नाही.

आता मॅनेजर. त्याच्या डोक्यात जी चूक झालीये ती फार कॉमन आहे. या टेस्ट तुला काय आवडतं, काय सोपं जातं एवढंच विचारतात, तुला काय जमतं हे त्यातल्या एकाही प्रश्नात नसतं. मला पालेभाजी निवडायचा प्रचंड कंटाळा आहे पण मेथीची जुडी आमच्या घरात माझ्याइतकी नीट कोणी निवडत नाही. क्लायंट कॉलचं तर विशेषच आहे. २०१३ मध्ये अ‍ॅडम ग्रँट या अमेरिकन प्राध्यापकाने फोनवर विक्री करणाऱ्या ३४० लोकांचा अभ्यास छापला होता, सगळ्यात जास्त विक्री ना बडबड्यांची होती ना अबोल लोकांची, मधल्यांची होती. कारण उघड आहे, अति बोलणारा समोरच्याचं ऐकतच नाही. आणि बिझनेस अ‍ॅनालिस्टचं निम्मं काम ऐकण्याचंच असतं, क्लायंट जे मागतोय आणि त्याला जे हवंय त्यातला फरक पकडायचा.

अजून एक, हे तुला उपयोगी पडेल. एमबीटीआयचे जे अधिकृत मालक आहेत ते स्वतःच सांगतात की ही टेस्ट माणूस निवडायला वापरू नका, ती देणं ऐच्छिक असावं आणि निकाल ज्याचा त्याला खाजगीत द्यावा. भिंतीला उभं करून हसायचं त्यात कुठेही नाहीये. आणि मोबाईलवर फुकट मिळतात त्या तर बहुतेक वेळा खरी एमबीटीआय पण नसतात, अक्षरं तेवढी तीच.

म्हणून मॅनेजरशी बोल, पण टेस्टवर वाद घालू नकोस, त्यात तो हरला तरी काम तुला मिळणार नाही. वन ऑन वन मध्ये साधं सांग, अरे तू मला डॉक्युमेंटेशन दिलंस ते माझ्या काळजीने दिलंस हे मला कळतं, पण मला त्रास होईल की नाही हे तू मला विचारलं नाहीस. मला हा क्लायंट हवाय. आत्ता शक्य नसेल तर या क्लायंटचा आठवड्याचा एक कॉल मी चालवते, तीन महिने, आणि नंतर आपण क्लायंटलाच विचारू कसं वाटलं. बस्स. पुढे गप्प बस, शांतता झाली तरी भरून काढू नकोस, आय लोकांना ते चांगलं जमतं म्हणतात.

आणि जाताना एक कागद ने. गेल्या दोन वर्षांत तू क्लायंटसमोर काय काय निस्तरलंस त्याचे चार-पाच प्रसंग, तारखेसकट. कुठल्या डेमोच्या आदल्या रात्री कोणाची चूक तू पकडलीस, कुठला चिडलेला क्लायंट फोनवर शांत केलास. मघाशी म्हटलं ना परत येईन, ते हेच. रिपोर्टमधल्या ज्या ओळीने तुला रडवलं तिचा उत्तरार्ध होता, काम नजरेत येत नाही. ती ओळ भले सगळ्यांना लागू पडो, तुझ्या बाबतीत या क्लायंटच्या वेळी ती खरी ठरली की नाही? मॅनेजरकडे तुझ्याबद्दल चार अक्षरांपलीकडे काही माहितीच नसेल तर तो अक्षरंच वापरणार. तू त्या दिवशी काहीच बोलली नाहीस हे तूच लिहिलंयस.

एचआरला पण एक मेल टाक, तक्रारीचा नको, नुसतं विचार की आउटिंगमधले निकाल कामवाटपासाठी वापरायचे आहेत का. त्यांनाच घाम फुटेल. मला माहितीये कारण मी त्या बाजूला होते. एका ऑफिसात आम्ही मोठ्या उत्साहाने सगळ्यांच्या डेस्कवर टाइपचे रंगीत स्टिकर लावले होते, महिन्याभरात लोक म्हणायला लागले, तिला काही विचारू नको ती टी (भावनेपेक्षा तर्काने चालणारी) आहे, चावेल. ती अकाउंट्सची मुलगी होती, कोणालाही चावायची नाही, फक्त बिलं नसताना पैसे देत नव्हती. एका रविवारी मी आणि शिपाईमामांनी ओल्या फडक्याने सगळे स्टिकर खरवडून काढले, डिंकाचे डाग मात्र त्या टेबलांवर राहिलेच.

प्रश्न : मॅडम, मी चाकणला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत प्रॉडक्शन मॅनेजर आहे, वय ४६. ट्रेनिंगमध्ये आमची डिस्क (DISC) नावाची स्वभावाची टेस्ट झाली, माझा डी सगळ्यात जास्त आला. ट्रेनर म्हणाले डी म्हणजे डॉमिनन्स, तुम्ही जन्मजात लीडर आहात, रिझल्ट आणता. बायकोला दाखवलं तर ती म्हणाली याला पैसे कशाला खर्च केले, मी फुकट सांगितलं असतं. असो. प्रश्न असा की माझा आवाज चढतो हे मला मान्य आहे पण आता कळलं की तो स्वभावच आहे, तर टीमला तसं सांगून टाकावं का, म्हणजे ते मनाला लावून घेणार नाहीत? परवाच एका ऑपरेटरने रिजेक्शनचे २२ पीस रॅकच्या मागे लपवले, शिफ्ट संपल्यावर सापडले. विचारलं तर मान खाली घालून उभा. अशा लोकांना कसं हँडल करायचं?
– एक वाचक, चाकण

उत्तर : साहेब, तुम्ही दोन प्रश्न विचारलेत आणि दुसऱ्यात पहिल्याचं उत्तर आहे. तो ऑपरेटर पीस का लपवतो? रिजेक्शन दाखवलं तर लाइनवर सगळ्यांसमोर काय होतं हे त्याला माहितीये म्हणून. तुम्हाला सापडले ते २२, न सापडलेले पुढे कस्टमरकडे गेले असतील तर तिथून जो मेल येईल तो डी बघून येणार नाही.

डिस्कची गंमत सांगते. त्यामागची कल्पना विल्यम मार्स्टन नावाच्या अमेरिकन माणसाची, १९२८ च्या पुस्तकातली, त्यात माणसं कशी वागतात त्याच्या चार तऱ्हा होत्या. टेस्ट त्याने बनवलीच नाही, ती नंतर दुसऱ्यांनी बनवून विकली. त्या माणसाने रक्तदाब मोजून खोटं पकडायची पद्धत काढली आणि १९४१ मध्ये वंडर वुमन ही कॉमिकवाली नायिकापण जन्माला घातली. सांगायचा मुद्दा, तो वागण्याबद्दल बोलत होता, आणि वागणं प्रसंगाप्रमाणे बदलतं. तुमचंच बघा, प्लांट हेड समोर असतात तेव्हा तुमचा आवाज चढतो का? कस्टमर ऑडिटला येतो तेव्हा? नाही ना. म्हणजे आवाजाचं बटण तुमच्याच हातात आहे, ते कोणासमोर दाबायचं हे पण तुम्हाला नीट कळतं. पत्रिकेत राक्षसगण निघाला म्हणून आपण कोणाला शेजाऱ्याच्या अंगावर धावून जायची सूट देतो का?

तेव्हा टीमला माझा स्वभावच असा आहे हे सांगू नका. त्यांना ते कधीचं माहितीये. सांगायचंच असेल तर हे सांगा की आजपासून जो स्वतःहून रिजेक्शन दाखवेल त्याला मी ओरडणार नाही, आणि मग खरंच ओरडू नका. पहिला पीस कोणी आणून दिला की हातात घ्या, बघा, मशीनपाशी जा, टूल घासलंय का, सेटिंग हललंय का ते त्याच्याबरोबर उभं राहून बघा. सुरुवातीला रिजेक्शनचा आकडा वाढलेला दिसेल. घाबरू नका, तो आधीपासून तेवढाच होता, फक्त रॅकच्या मागे होता. तुम्ही रिझल्ट आणता असं ट्रेनर म्हणाले ते मला पटतं, पत्रावरूनच दिसतंय तुम्ही कामाचे पक्के आहात, हेच डोकं इकडे लावा. आणि बायकोचा सल्ला फुकट मिळतोय तोवर घ्या.

प्रश्न : ताई, बीकॉम झालोय, नाशिक. एका खाजगी बँकेच्या ऑनलाइन परीक्षेत शेवटी पर्सनॅलिटीचे १०० प्रश्न आहेत असं मित्राने सांगितलं. मी कधीच खोटं बोललो नाही, मला कधीच राग येत नाही असले. त्यांना आवडतील अशी उत्तरं द्यायची की खरी? दहावीला आमची कल चाचणी झाली होती त्यात ललित कला आलं होतं, मी कॉमर्स केलं, त्यावरून काही विचारतील का?
– नाशिककर

उत्तर : कल चाचणीचं कोणी विचारणार नाही, तू स्वतः सीव्हीत टाकलं नाहीस तर.

‘कधीच’ आणि ‘नेहमी’ वाले प्रश्न बऱ्याचदा मुद्दाम पेरलेले असतात. मी कधीच खोटं बोललो नाही याला जो छाती ठोकून हो म्हणतो तो बाकीची उत्तरंपण रंगवून देत असणार असा हिशोब असतो त्यात. आणि एकच गोष्ट तीन ठिकाणी वेगवेगळ्या शब्दांत विचारतात, रचून दिलेलं उत्तर ७० व्या प्रश्नाला आठवत नाही. म्हणून खरं दे, पण कॉलेजच्या कट्ट्यावरचा तू नको, कामावर असतानाचा तू धर. कुठे पार्टटाइम केलं असशील, गणपती मंडळाचा हिशोब ठेवला असशील, तेव्हा कसा वागलास ते आठवून उत्तर दे.

बँकेच्या कामात त्यांना मुख्यतः बघायचं असतं की हा मुलगा घेतलेलं काम वेळेत आणि नीट पुरं करतो का. स्वभावाच्या ज्या पाच मोजमापांवर संशोधक साधारण एकमताने विश्वास ठेवतात त्यातलं हे एक आहे, आणि १९९१ मध्ये बॅरिक आणि माउंट या दोघांनी आधीचे खूप सारे अभ्यास एकत्र करून दाखवलं की जवळपास सगळ्या प्रकारच्या नोकऱ्यांत हाच गुण कामाशी जुळतो. पण त्याचाही जोर बेताचाच आहे, त्यावर कोणाचं नशीब ठरावं इतका नाही, त्यामुळे गणित आणि रीझनिंगचा अभ्यास सोडून या १०० प्रश्नांच्या तयारीचे व्हिडिओ बघत बसू नकोस. टायमर असतो, एका प्रश्नावर अडकू नकोस. सगळीकडे मधला पर्याय टिक करत जायची युक्ती मित्राने सांगितली असेल तर तीही करू नकोस, रिपोर्टमध्ये ते सरळ दिसतं, मी असे रिपोर्ट पाहिलेत आणि अशा मुलांना आम्ही इंटरव्ह्यूत पहिलं हेच विचारायचो.